शांत बोका घरी येताना : नागपुरातलं एक दत्तक प्रकरण

घर मनीषनगरातलं, तिसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके फ्लॅट. नवरा-बायको दोघंही नोकरीला, नऊ वर्षांची मुलगी आणि नवऱ्याची आई. आजींचे गुडघे दुखतात, म्हणून पायात घोटाळणारं पिल्लू घरात नको होतं. शिवाय स्वयंपाकघर शाकाहारी, त्यात चिकन शिजणार नव्हतं. शेल्टरकडे त्यांची मागणी एवढीच होती : मोठं आणि शांत मांजर द्या.

शेल्टरने दाखवलेला बोका अंदाजे पाच वर्षांचा होता. वजन ४.१ किलो, नसबंदी झालेली, नसबंदीची खूण म्हणून डाव्या कानाचं टोक कापलेलं. अंगावर करडे पट्टे, म्हणून तिथल्या लोकांनी त्याचं नाव कबऱ्या ठेवलं होतं. पिंजऱ्यात तो हलत नव्हता, ओरडत नव्हता, हात लावू देत होता. बहुतेक लोक इथेच कागदांवर सही करून मोकळे होतात. पण मांजर तीन कारणांनी शांत दिसतं : स्वभावाने, भीतीने आणि दुखण्याने. पिंजऱ्याच्या जाळीबाहेरून तिन्ही सारखीच दिसतात. या प्रकरणात पहिलं कारण खरं निघालं, दुसरं तपासून बाजूला ठेवलं गेलं आणि तिसरं पाच आठवडे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

पिल्लाऐवजी मोठं मांजर घ्यायचा निर्णय मात्र अगदी बरोबर होता. दोन महिन्यांचं पिल्लू मोठेपणी कसं निघेल ते सांगता येत नाही. चार-पाच वर्षांच्या मांजराचा स्वभाव मात्र समोर असतो, फक्त तो वाचता यायला हवा.

शेल्टरमध्ये काय पाहिलं

कुटुंबाने दोन भेटी दिल्या, एक सकाळी जेवणाच्या वेळी आणि दुसरी दुपारी. हा आग्रह प्रत्येकाने धरावा. घाबरलेलं मांजर माणसांसमोर खात नाही, रात्री सगळं निजल्यावर खातं. कबऱ्याने वाटी ठेवल्यावर दोन मिनिटांत तोंड घातलं. तो सावकाश खात होता. ही सावकाशी तेव्हा सगळ्यांना त्याचा सोशिकपणा वाटली. त्याबद्दल पुढे येईलच.

दुपारच्या भेटीत आई आणि मुलगी पिंजऱ्याजवळ जमिनीवर वीस मिनिटं नुसत्या बसल्या. भीतीने थिजलेलं मांजर चारही पाय पोटाखाली घट्ट घेतं, कान आडवे पाडतं, त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या उजेडातही मोठ्या राहतात आणि पुष्कळदा ते शी-शूच्या मातीच्या ट्रेमध्येच जाऊन बसतं. डोळे मिटलेले असले तरी ती झोप नसते. पाठीवर हात ठेवला की कातडीखाली स्नायू दगडासारखे लागतात. कबऱ्या कुशीवर पडलेला होता, पुढचे पाय लांब सोडलेले, पोट सैल. आईने एक बोट त्याच्या नाकाच्या उंचीवर, चार-पाच सेंटिमीटर दूर धरलं आणि थांबली. त्याने मान पुढे करून आधी हुंगलं, मग गाल घासला. तिने गालावर तीनदा हात फिरवून हात मागे घेतला. बोका उठून पुढे आला. मागणी त्याच्याकडून आली, हे महत्त्वाचं. नुसता हात लावू देणं आणि हात मागणं यांत फार फरक आहे.

शेवटी थोड्या अंतरावर किल्ल्यांचा जुडगा जमिनीवर टाकला. तो दचकला आणि वीसेक सेकंदांत पुन्हा पंजा चाटायला लागला. दचकणं चालतं. दचकल्यावर किती वेळात सावरतो ते मोजायचं असतं. मिनिटभरात सावरणारं मांजर कुकरच्या शिट्ट्या, दाराची बेल आणि दिवाळीचे फटाके निभावून नेतं.

तिथल्या कामगारांना विचारलेल्या प्रश्नांपैकी तीन खरे कामाचे होते. तो इथे कसा आला, घरातून सोडलेला की रस्त्यावरून उचललेला? ट्रेमध्ये काय भरता? आणि गेल्या महिन्याभरात कोणतं औषध दिलं? उत्तरं अशी : एका अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये माणसांच्या अंगाखांद्यावर वाढलेला, ट्रेमध्ये बांधकामाची चाळलेली रेती, औषध फक्त जंताचं. रेतीचं उत्तर कुणी लिहून ठेवलं नाही. ते पुढे महागात पडलं.

कागद, तपासणी, लसी

शेल्टरने ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, खिडक्यांच्या जाळ्यांचे फोटो आणि मांजर सोडून देणार नाही असं हमीपत्र मागितलं. घर भाड्याचं असेल तर घरमालकाची लेखी परवानगीही आधीच घ्यावी. घरमालक नाही म्हणाला म्हणून महिन्याभरात परत आलेलं मांजर दुसऱ्यांदा कुणावर विश्वास टाकायला फार वेळ घेतं.

घरी नेण्याआधी पशुवैद्यकाकडे जावं. नागपुरात खासगी दवाखाने आहेत आणि सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. कबऱ्याचं तापमान ३८.६ अंश आलं (३८ ते ३९.२ हे निरोगी समजावं), हिरड्या गुलाबी, डोळ्याच्या कोपऱ्यातला तिसरा पडदा आत, म्हणजे हवा तसा. एफआयव्ही (मांजराची प्रतिकारशक्ती खचवणारा) आणि एफईएलव्ही (मांजराच्या रक्ताचा कर्करोग करू शकणारा) या दोन विषाणूंची किट चाचणी निगेटिव्ह. पण शेल्टरमध्ये मांजरं एकत्र राहतात आणि ताजी लागण चाचणीत लगेच दिसत नाही, म्हणून ती दोन महिन्यांनी पुन्हा करायची ठरली. घरात आधीचं मांजर असतं तर तोवर दोघांना वेगळं ठेवावं लागलं असतं.

लसींचा जुना कागद नव्हता. अशा मोठ्या मांजराला तीन रोगांची एकत्र लस तीन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा आणि रेबीजची लस एकदा देतात, मग वर्षाने पुन्हा. घरात मूल असल्यामुळे कान, नाक आणि पंजांवर केस गेलेले गोल चट्टे शोधले. गजकर्ण मांजराकडून मुलांना पटकन होतं. चट्टे नव्हते. पिसवा मात्र होत्या. त्यासाठी मानेवर टाकायचं मांजरांचं औषध दिलं. इथे एक धोक्याची खूण लक्षात असू द्या : कुत्र्यांसाठीच्या अशा काही औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं आणि ते मांजराच्या जिवावर बेततं. पाकिटावर मांजराचं चित्र नसेल तर ते घरात आणू नका.

पहिली खोली आणि पहिले अठ्ठेचाळीस तास

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी आठला, वरून उघडणाऱ्या कॅरियरमध्ये कबऱ्या घरी आला. कॅरियरवर टॉवेल टाकलेला, आत त्याचीच न धुतलेली चादर. आणायचं तर फेब्रुवारीतच आणावं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना दुपारी ऑटोतून मांजर आणणं धोक्याचं आहे, आणि घराची सवय होण्याआधीच उन्हाळा अंगावर येतो.

त्याच्यासाठी मागची छोटी खोली ठरवली. किराण्याचं मोठं खोकं आणून त्याला समोरासमोर वीस सेंटिमीटरची दोन भोकं पाडली. लपायच्या जागेला एकच दार असलं तर मांजराला कोंडल्यासारखं वाटतं. खोक्यात शेल्टरची चादर घातली. पलंगाखालची जागा बंद करायला हवी होती, ती राहिली. त्यामुळे खोक्याकडे न बघता बोका सरळ पलंगाखाली गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगी रडवेली झाली. "आजी, तो पलंगाखालीच बसून राहिला. येतच नाही."

"बसू दे त्याले," आजी म्हणाल्या. "नवी नवरी तरी कुठं पहिल्याच दिवशी ओट्यावर येऊन बसते?"

लपण्याची काळजी करायची नव्हतीच. काळजीचं कारण होतं खाणं : तीस तास झाले तरी वाटीला तोंड लागलं नव्हतं. मोठं मांजर दोन दिवसांच्या वर उपाशी राहिलं तर अंगावरची चरबी यकृतात साचू लागते आणि मग त्याला आपणहून खाणं अवघड होऊन बसतं. म्हणून चोवीस तासांनी डॉक्टरांना फोन करायचा आणि अठ्ठेचाळीस तासांनी मांजर घेऊन जायचं. इथे फोनवर तीन चुका उलगडल्या. वाटी आणि ट्रे एकमेकांपासून हातभर अंतरावर होते, आणि मांजर संडासाजवळ जेवत नाही. खाणं एकदम बदललं होतं : शेल्टरमध्ये उकडलेलं चिकन आणि भात, इथे नुसतं कोरडं खाद्य. आणि त्या खोलीतच वॉशिंग मशीन होतं, ते दोन्ही दिवस चाललं होतं.

मशीन बंद ठेवलं, ट्रे विरुद्ध कोपऱ्यात नेला, शेल्टरमधून दोन दिवसांचं जुनं खाणं मागवून त्यात चमचाभर नवं मिसळलं. त्या रात्री त्याने खाल्लं. पुढे दहा दिवसांत नव्याचं प्रमाण वाढवत पूर्ण बदल केला. चार किलोच्या नसबंदी झालेल्या बोक्याला दिवसाला साधारण २०० कॅलरी पुरतात, म्हणजे कोरडं खाद्य ५० ते ५५ ग्रॅम. महिन्याला दीड-पावणेदोन किलो. वाटी भरून ठेवायची नाही, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून दोन-तीन वेळा द्यायचं.

आजींच्या मनात दूधपोळी होती. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मांजराला तीच मिळाली. पण त्या मांजरांचं खरं जेवण अंगणातले उंदीर होते, दूधपोळी वरकड होती. फ्लॅटमध्ये उंदीर नाहीत. मांजराला टॉरीन हे द्रव्य मांसातूनच मिळतं. ते महिनोन्‌महिने कमी पडलं तर हृदय आणि नजर दोन्ही बिघडतात. आणि पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, जुलाब लागतात. शाकाहारी घराने मांजर पाळावं की नाही, यावर आमचं मत सरळ आहे : जरूर पाळावं, पण त्याला शाकाहारी करू नये. या घराने कबऱ्याच्या वाट्या, चमचा आणि खाद्याचा डबा गॅलरीजवळच्या कपाटात ठेवला. आजींचं स्वयंपाकघर जसंच्या तसं राहिलं. वाटी ठेवायचं काम मात्र आजींनीच मागून घेतलं, म्हणून तो सगळ्यात आधी त्यांच्याकडे गेला.

मुलीला एक काम दिलं होतं : रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं त्या खोलीत जमिनीवर बसून मराठीचं पुस्तक मोठ्याने वाचायचं, पलंगाखाली हात घालायचा नाही. पाचव्या दिवशी तो तिच्या मांडीला टेकून बसला. ओरबाडलं तर काय करायचं तेही तिला आधीच शिकवलं होतं : जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, घरात लगेच सांगायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. मांजराला लस दिलेली आहे म्हणून हे टाळायचं नाही.

तुळशीची कुंडी

नवव्या दिवशी त्याला सगळं घर खुलं केलं. दुपारी आजी गॅलरीत गेल्या तर कबऱ्या तुळशीच्या कुंडीत, शेपटी वर करून, समाधानाने माती उकरत होता. काम उरकून झालेलं होतं. घरात पहिल्यांदा "परत देऊन या" असा शब्द निघाला.

बोक्याने खोडी केली नव्हती. ट्रेमध्ये बाजारातलं सुगंधी, ओलं झालं की गोळे होणारं लिटर (ट्रेमध्ये भरायचं मातीसारखं मिश्रण) होतं. पाच दिवसांपासून तो त्याच्या कडेवर उभा राहून घाईत लघवी करत होता आणि न झाकता बाहेर पडत होता. ही नापसंतीची खूण आहे आणि ती कुंडीच्या आधी दिसते. त्याला पाच वर्षं माहीत होती ती माती आणि रेती. सुगंध माणसाच्या नाकासाठी असतो.

उपाय : ट्रे मोठा घेतला, मांजराच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट. दुकानातले बहुतेक ट्रे याहून लहान असतात, कपड्यांचा उथळ प्लास्टिकचा टब बरा. त्यात तीन भाग चाळलेली रेती आणि एक भाग बिनवासाचं लिटर, थर पाच-सहा सेंटिमीटर. दुसरा तसाच ट्रे गॅलरीच्या दाराशी. दर चार दिवसांनी लिटरचा भाग थोडा वाढवला, तीन आठवड्यांत रेती संपली. दिवसातून दोनदा उपसायचं. एका बोक्याला महिन्याला आठ-दहा किलो लिटर लागतं. तुळस नव्या मातीत लावली आणि मातीवर मुठीएवढे गोटे मांडले. पुन्हा तो तिकडे गेला नाही.

फरशीवर फिनाईल मात्र बंद करावं लागलं. फिनॉल वर्गातली रसायनं मांजराच्या यकृताला मोडता येत नाहीत. फरशीवरून ती पंजांना लागतात आणि पंजे चाटताना पोटात जातात. साधं साबणाचं पाणी पुरतं.

कूलर

नागपुरात मार्चचा मध्य म्हणजे माळ्यावरून कूलर उतरवायचे दिवस, आणि इथल्या मांजरांना हाच काळ फार नडतो. कूलर बसवताना खिडकीचं ग्रील आणि जाळी निघते. कारागीर आत-बाहेर करतो, दार उघडं राहतं. या घराने बोक्याला मागच्या खोलीत ठेवून बाहेरून कडी घातली आणि दारावर चिठ्ठी चिकटवली. इथवर बरोबर.

चूक नंतर झाली. कूलर आणि चौकट यांच्यामधली वीतभर फट दरवर्षीप्रमाणे पुठ्ठ्याने बुजवली. दमट हवेने पुठ्ठा दोन दिवसांत मऊ पडला. तिसऱ्या रात्री कबऱ्याने डोक्याने तो ढकलला आणि तिसऱ्या मजल्यावर, कूलरच्या बाहेरच्या लोखंडी स्टँडवर जाऊन उभा राहिला. घरच्यांनी ओरडाआरडा केला नाही, हे नशीब. कूलर बंद केला, कारण थरथरत्या पत्र्यावर मांजराचा पाय ठरत नाही, आणि खाद्याचा डबा खिडकीशी नेहमीसारखा खुळखुळवला. तो ज्या फटीतून गेला तिच्यातूनच परत आला. दुसऱ्या दिवशी फटीला प्लायची पट्टी स्क्रूने बसवली. गॅलरीला तीन सेंटिमीटरहून लहान भोकांची, कडेने घट्ट ताणलेली जाळी आधीपासून होती. डासांची नायलॉनची जाळी यासाठी चालत नाही, ती नखाने फाटते.

कूलरच्या टाकीचं पाणीही पाहावं लागतं. डास होऊ नयेत म्हणून पुष्कळ घरांत त्यात रॉकेल किंवा फिनाईलचे थेंब टाकतात, आणि मांजर तेच थंड पाणी प्यायला जातं. या घराने काही न टाकता आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून, घासून, वाळवून भरायचं ठरवलं. डेंग्यूसाठीही तेच योग्य आहे.

पाचवा आठवडा : दात

मांजराचं वजन दर रविवारी व्हायचं. कॅरियरसकट मांजर प्रवासाच्या बॅगा तोलायच्या लटकत्या काट्याला अडकवायचं आणि रिकाम्या कॅरियरचं वजन वजा करायचं. माणसासकट वजनकाट्यावर उभं राहून शे-दीडशे ग्रॅमचा फरक कळत नाही. पाचव्या रविवारी ३.९ किलो भरलं. दोनशे ग्रॅम म्हणजे त्याच्या वजनाचा विसावा भाग. माणसाच्या हिशेबात साठ किलोतून तीन किलो.

मग आजींनी एक गोष्ट सांगितली, जी त्यांना रोज दिसत होती. खाताना तो मान डावीकडे कलती करतो, दाणा तोंडात घेतो आणि तो खाली पडतो. ओला लागलेला दाणा जमिनीवर, आणि त्याच्याकडे बघत बसलेला बोका.

पशुवैद्यकांनी ओठ वर करून मागपर्यंत पाहिलं. उजवीकडच्या वरच्या मोठ्या दाढेवर तपकिरी कीट, मुळाशी हिरडी लालभडक, नुसत्या कापसाच्या बोळ्याने रक्त आलं. पहिल्या तपासणीत पुढचे दात आणि हिरड्यांचा रंग पाहिला होता. ही दाढ गालाआड असते. दंगा करणाऱ्या मांजराच्या तोंडात काही बिघडलं की कळतं, शांत मांजर ते सोसत बसतं. शेल्टरमधली ती सावकाश खाण्याची लकब निदान काही अंशी हीच होती.

भूल देण्याआधी रक्त तपासलं, मूत्रपिंड आणि यकृत ठीक होतं. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवून भूल दिली, एक्स-रे काढून ती दाढ आणि शेजारची एक काढली, बाकी दात साफ केले. दुखण्याचं औषध डॉक्टरांनी वजनावर मोजून दिलं. घरातली क्रोसिन देऊ का, असं वडिलांनी विचारलं होतं. पॅरासिटॅमॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. विचारलं म्हणून वाचलं.

दोन आठवडे मऊ पाऊच दिलं, आणि नंतरही ते अर्धं चालू ठेवलं : दिवसाला ८५ ग्रॅमचं एक पाऊच दोन चमचे पाणी घालून आणि कोरडं खाद्य ३० ग्रॅम. इथे उन्हाळ्याचा हिशेब आहे. चार किलोच्या मांजराला खाण्यातलं धरून दिवसाला दोनशे मिलिलिटरच्या आसपास पाणी लागतं, आणि नुसतं कोरडं खाणारं मांजर एवढं पीत नाही. बोक्यांचा मूत्रमार्ग अरुंद, तो अडतो. ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतो, कण्हतो, थेंब पडत नाही असं दिसलं तर सकाळची वाट पाहायची नाही. एक-दोन दिवसांत जीव जातो. म्हणून घरात तीन ठिकाणी मातीची पसरट भांडी ठेवली, दिवसातून दोनदा पाणी बदलून.

दाढा निघाल्यावर तिसऱ्या आठवड्यात घरच्यांना थोडा वेगळा बोका दिसू लागला. शेपटी उभी करून दारापर्यंत यायचा, मुलीच्या वेणीच्या रिबनमागे धावायचा, पहाटे पाचला आजींच्या खोलीशी येऊन आवाज द्यायचा. आईने काळजीने फोन केला : शांत होता, आता असा का? स्वभाव तोच होता, दुखणं गेलं होतं. पाहुणे आले तर तो अजूनही सतरंजीवर मधोमध पसरून असायचा, कुकर वाजला तर कान हलवून पुन्हा डोळे मिटायचा. पहाटेच्या हाकेला उत्तर द्यायचं नाही आणि रात्री दहाला दहा मिनिटं खेळवून शेवटची वाटी द्यायची, एवढ्याने ती वेळ साडेसहावर गेली.

एफआयव्ही-एफईएलव्हीची दुसरी चाचणीही निगेटिव्ह आली. मेच्या पहिल्या रविवारी लटकत्या काट्यावर ४.४ किलो भरलं. भर दुपारी तो कूलरसमोर झोपत नाही, थेट वारा त्याला आवडत नाही. न्हाणीघराच्या गार फरशीवर कुशीवर पडलेला असतो, पुढचे पाय लांब सोडून. म्हणून न्हाणीघराचं दार आता दिवसभर उघडं असतं आणि बादलीवर झाकण असतं.